मेश्रामबाईंची गच्ची

नारायण पेठेतल्या मनोरथ सोसायटीत कांताबाई मेश्राम यांचं कोणाशीच पटत नाही, असं सगळे सांगतात. ते खोटं आहे. कांताबाईंचं कावळ्यांशी उत्तम पटतं, गांडुळांशी पटतं, आणि पाण्याच्या टाकीवर ऊन खात पडणाऱ्या कान फाटलेल्या बोक्याशीही पटतं. पटत नाही ते फक्त माणसांशी, आणि त्यावाचून आपलं काही अडलं असं कांताबाईंना कधी वाटलेलं नाही.

महापालिकेच्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. बाळंतिणींच्या वॉर्डात त्यांचा आवाज चढला की नातेवाइकांची गर्दी आपोआप पांगायची. तिथं सगळे त्यांना सिस्टर म्हणत. निवृत्त होताना त्यांनी मनोरथमध्ये सगळ्यात वरच्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि सिस्टरच्या मेश्रामबाई झाल्या. पाठीमागं मात्र त्या नुसत्या ‘वरच्या’. वरच्या आल्या, वरच्या गेल्या, वरच्यांनी पुन्हा पाइप चालू ठेवला. आडनाव तोंडात घ्यायचं टाळण्याची ही रीत कांताबाईंनी पहिल्या आठवड्यातच ओळखली. वडिलांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतल्यापासून त्यांच्या घरात कोणी मान खाली घालून चाललं नव्हतं. कांताबाई तर जिना चढताना हनुवटी जरा जास्तच वर ठेवत.

नवरा लवकर गेला. मुलगी आम्रपाली हिंजवडीला नोकरी करते, बाणेरला राहते आणि दर रविवारी फोनवर एकच सांगते, “आई, फ्लॅट विक आणि इकडे ये. त्या लोकांशी रोज भांडून तुला काय मिळतं?”

“व्यायाम होतो,” कांताबाई म्हणतात.

खरं कारण गच्चीवर होतं. कांताबाईंचं माहेर भंडारा जिल्ह्यातलं. आई, दुर्गाबाई, जन्मभर दुसऱ्यांच्या बांधीत गुडघाभर चिखलात उभी राहून भाताची रोवणी करत राहिली. बांधी आज या पाटलाची, उद्या त्या पाटलाची, पण तिची एकही नाही. सातबाऱ्यावर तिचं नाव कधी लागलं नाही. तिची राख नदीत सोडली, तो काठसुद्धा कोणाच्या तरी शेताला लागून होता, आणि त्या शेतकऱ्यानं धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभं राहून “लवकर आटपा” म्हणून सांगितलं होतं. कांताबाईंना ते वाक्य अजून जसंच्या तसं ऐकू येतं.

म्हणून गच्चीवरची माती त्यांनी विकत आणली नाही, स्वतः केली. पानगळीच्या दिवसांत टिळक रस्त्यावरच्या झाडूवाल्या बायका त्यांच्यासाठी पाल्याची पोती भरून ठेवत. ती पोती खांद्यावर टाकून कांताबाई जिने चढत. मंडईतून आणलेल्या फळांच्या क्रेटमध्ये पाला दाबायचा, वर ताक आणि गूळ शिंपडायचा, सालंबिलं टाकायची, गांडुळं सोडायची आणि गप्प बसायचं. वर्षभरात त्याची काळी, भुसभुशीत, हलकी माती होते. कांताबाईंनी ती पहिल्यांदा मुठीत घेतली तेव्हा गच्चीवर कोणी नव्हतं, ते बरंच झालं. वॉर्डातल्या सिस्टरला रडताना कोणी कधी पाहिलेलं नाही.

त्या मातीत वांगी आली, गवार आली, मिरच्या आल्या, आणि पहिल्याच वर्षी दुधीचा वेल असा माजला की कांताबाईंच्या मनात नको ती माया उपजली. त्यांनी प्रत्येक घरी एकेक दुधी नेऊन दिला. दुसऱ्या मजल्यावर परचुऱ्यांच्या दारात गोदाबाई उभ्या होत्या. सेक्रेटरी आमोद परचुरे यांच्या या मातोश्री. कांताबाई जिन्यावरून गेल्या की पायरीवर पाणी शिंपडण्याचा यांचा नेम होता, आणि विचारलं तर म्हणत, “धूळ फार होते हो हल्ली.” त्यांनी दुधी हातात घेतला नाही. “तिथं ठेवा, खाली,” म्हणाल्या. कांताबाईंनी उंबऱ्याबाहेर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी खालच्या कचऱ्याच्या डब्यात तो अख्खाच्या अख्खा सापडला. देठही कापलेला नव्हता. कांताबाईंनी तो उचलला, वर नेला, चिरून क्रेटमध्ये गाडला, आणि त्यानंतर मनोरथमध्ये कोणाला मिरचीचं बीसुद्धा दिलं नाही.

गोदाबाई पुढं वारल्या. कांताबाई खाली गेल्या नाहीत. “आजारी असत्या तर इंजेक्शन द्यायला गेले असते,” त्या आम्रपालीला म्हणाल्या. “मेल्यावर माझं काय काम?”

राहिले आमोद परचुरे. हा गृहस्थ बँकेतून निवृत्त झालेला आणि सोसायटीच्या सेक्रेटरीपदावर आरूढ झालेला. हेल्मेटसक्ती आली तेव्हा मोर्चात सगळ्यात पुढं हेच होते. “डोकं आमचं आहे, सरकारचं नाही,” असं वाहिनीवाल्याला सांगताना ते अर्धं मिनिट दिसले होते आणि ते अर्धं मिनिट अजून त्यांच्या मोबाइलमध्ये आहे. गच्चीवरची बाग त्यांच्या डोळ्यांत खुपत होती. गच्ची गळते, असं त्यांचं म्हणणं.

“गच्चीखाली मी राहते,” कांताबाई सांगत. “गळली तर माझ्या डोक्यावर गळेल. तुम्ही दुसऱ्या मजल्यावर छत्री घेऊन बसलात काय?”

“मेश्रामबाई, गच्ची सामाईक आहे. आपण शिकलेल्या आहात, सामाईक म्हणजे काय ते आपल्याला सांगायला नको.”

“नको. सामाईक पाण्याच्या टाकीत मेलेलं कबूतर निघालं, तेव्हा ते काढायला सामाईक कोण आलं होतं तेवढं सांगा.”

असं चालायचं. कावळे आले आणि भांडणाला धार चढली. कांताबाई रोज सकाळी भाकरीचे तुकडे कठड्यावर ठेवत. परोपकार म्हणून नव्हे. वांग्याच्या वाफ्यात उंदीर शिरले होते, आणि कावळ्यांचा राबता असला की उंदीर दिवसा बाहेर पडत नाहीत. हळूहळू सहा-सात कावळे ठरलेले झाले. एका जोडीनं सोलरच्या पाइपांच्या बेचक्यात तारा, काटक्या आणि कोणाच्या तरी शर्टाचा हँगर वापरून घरटं बांधलं. काचांवर शिटलं, परचुऱ्यांचं अंघोळीचं पाणी कोमट झालं, आणि एका सकाळी परचुरे जळमटं काढायचा बांबू घेऊन वर आले.

कांताबाई जिन्याच्या दारात पोचेपर्यंत घरटं खाली आलं होतं. त्यात दोन पिल्लं होती, पिसंही धड न फुटलेली. एक पडल्या पडल्या मेलं. दुसऱ्यानं दोनदा चोच उघडली.

“अंड्यातून आलेली आहेत ती,” कांताबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी खाली गेला होता, आणि वॉर्डात ज्यांनी तो आवाज ऐकला आहे ते तिथून निघून गेले असते.

“कचरा होता, काढला,” परचुरे म्हणाले. “आपण कावळ्यांची पण प्रसूती करता, हे माहीत नव्हतं.”

कांताबाईंनी पिल्लं दुधीच्या क्रेटमध्ये पुरली. त्या परचुऱ्यांना काही बोलल्या नाहीत. बोलण्याचं काम कावळ्यांनी हातात घेतलं.

कावळा तोंड ओळखतो आणि विसरत नाही. त्या दिवसापासून परचुरे गच्चीवर दिसले की कुठून कुठून कावळे गोळा होत, आणि एकेक जण मागून येऊन डोक्यावर टोला हाणून जाई. इतर कोणाला काही नाही. कपडे वाळत घालणाऱ्या बायका निवांत फिरत, टाकी धुणारा माणूस निवांत धुई, आणि परचुरे आले की आकाश काळं. पुढं पुढं तर ते स्कूटर काढायला खाली आले तरी कठड्यावरून एखादा ओरडून बाकीच्यांना कळवू लागला. मग एक दिवस आमोद परचुरे गच्चीवर हेल्मेट घालून आले. रस्त्यावर ज्यानं कधी घातलं नाही, त्यानं ते पाण्याची टाकी बघायला घातलं. कांताबाई गवार तोडत होत्या. त्या इतकंच म्हणाल्या, “डोकं सरकारचं झालं वाटतं.”

त्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर सूचना आली. येत्या सभेत गच्ची मोकळी करण्याचा ठराव येणार, क्रेट, माती, झाडं सगळं उचलून नेण्यात येईल, अतिक्रमण करणाऱ्यांनी नोंद घ्यावी. खाली नऊ अंगठे आले. दहावं घर कांताबाईंचं. मतांचा हिशेब करायला बसण्याची गरजच नव्हती. कांताबाईंनी त्या रात्री आम्रपालीला फोन केला नाही, कारण ती “बरं झालं” म्हणाली असती.

सभा रविवारी होती आणि त्याआधी, पितृपक्षात, गोदाबाईंची तिथी आली.

सकाळपासून जिन्यात वडे तळल्याचा वास भरला होता. दुपारी परचुरे मंडळी वर आली. सगळ्यात पुढं आमोद परचुरे. नेसायला सोवळं, खांद्यावर उपरणं, हातात केळीच्या पानावर भात, वडा, खीर, आणि डोक्यावर हेल्मेट. मागं त्यांच्या पत्नी ललिताताई, आणि त्यांच्या मागं घड्याळ बघणारे गुरुजी. त्यांना पुढं अजून घरं करायची होती. कावळ्यानं घास घेतल्याशिवाय घरात कोणी जेवत नाही, ही परचुऱ्यांची रीत. खाली पानं वाढून तयार होती आणि पाहुणे ताटकळले होते.

कांताबाई हिरव्या जाळीच्या सावलीत गवारीच्या शिरा काढत बसल्या होत्या. खरं तर भाजी निवडायला घरात जागा होती. त्या हटकून बसून राहिल्या.

“हेल्मेट काढा, परचुरे,” गुरुजी म्हणाले. “पितरांसमोर हे असलं चालत नाही.”

परचुऱ्यांनी हेल्मेट काढलं. पान कठड्यावर ठेवलं, हात जोडले, “का, का” अशी हाक मारली. शेजारच्या इमारतीच्या कठड्यावर सहा कावळे ओळीनं बसले होते. त्यातला एक उठला, सरळ आला, वड्याकडे ढुंकूनही न बघता परचुऱ्यांच्या टकलावर चोच मारून परत गेला.

“आईचा राग दिसतोय,” ललिताताई पुटपुटल्या.

मग सुरू झालं विनवणं. मेलेल्या माणसाची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, म्हणून घरच्यांनी एकेक आश्वासन मोठ्यानं द्यायचं. परचुरे म्हणाले, “आई, तुझी पितळी भांडी मोडीत घालणार नाही.” कावळे हलले नाहीत. ललिताताई म्हणाल्या, “सासूबाई, लोणचं घरीच घालीन, विकतचं आणणार नाही.” कावळे मान वाकडी करून परचुऱ्यांकडे बघत राहिले. आळंदीच्या मावशीला दिवाळीला बोलवायचं ठरलं, देवघरातला बंद पडलेला दिवा दुरुस्त करायचं ठरलं, मेथीच्या लाडवांवरून सुनेचा झालेला जुना अपमान माफ करायचंही ठरलं. ते ऐकून परचुऱ्यांनी बायकोकडे चमकून बघितलं. ऊन डोक्यावर आलं होतं. परचुरे घामाघूम झाले, त्यांची पावलं तापलेल्या फरशीवर आळीपाळीनं उचलली जाऊ लागली. कांताबाईंना कारण ठाऊक होतं. हा माणूस नुसता आत गेला असता तर कावळ्यांनी पानाचा फडशा पाडला असता. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. त्यांनी गवारीची पुढची शेंग उचलली.

“दर्भाचा कावळा करू आणि शिववू,” गुरुजी म्हणाले. “शास्त्रात सोय आहे.”

“सासूबाईंना चाललं असतं का ते?” ललिताताई म्हणाल्या. “त्यांना विकतची साय चालायची नाही.” आणि मग त्या एकदम वळल्या. “मेश्रामबाई, तुमच्याकडे येतात ना हे रोज? बोलवा ना जरा.”

“माझ्याकडं येतात, कारण मी त्यांची पिल्लं मारली नाहीत.”

“आपल्याला कोणी विचारलेलं नाही,” परचुरे म्हणाले.

“मी विचारलंय,” ललिताताई म्हणाल्या.

कांताबाई उठल्या. त्यांच्या डोक्यात डाव वगैरे काही नव्हता, नुसता संताप होता. “तुमच्या आईचं काय अडलंय ते मला काहून विचारता? तुम्हीच विचारा त्यांना. ज्या गच्चीवर त्यांचा घास ठेवलाय, तिथली झाडं रविवारी उचलून कचऱ्यात टाकणार आहात, हे त्यांना मंजूर आहे का, विचारा.”

तो टोमणा होता. पण ललिताताईंचा हात तोंडावर गेला. “अहो,” त्या नवऱ्याला म्हणाल्या, “हेच असेल.”

“काय हेच असेल? आईला काय करायचंय वांग्यांशी?”

“पिल्लं मारलीत तुम्ही या गच्चीवर. आणि आता झाडं. सासूबाई बघतायत सगळं. अहो, सोडा पाणी आणि सांगा त्यांना.”

परचुऱ्यांनी गुरुजींकडे बघितलं. गुरुजींनी घड्याळाकडे बघितलं आणि पळी पुढं केली. “बोला, परचुरे. उदक सोडून बोला, म्हणजे बोललेलं मोडता येणार नाही.”

आमोद परचुऱ्यांनी तळहातावर पाणी घेतलं. त्यांचा चेहरा दाढ उपटून घेणाऱ्या माणसाचा झाला होता. “आई,” ते म्हणाले, “मी असेपर्यंत या गच्चीवरच्या झाडांना कोणी हात लावणार नाही.” पाणी बोटांवरून खाली पडलं.

कावळे तसेच बसून होते.

कांताबाईंना पुढचं बोलणं आधीच ऐकू आलं. आता हा माणूस म्हणेल, बघा, आईला ते नकोच आहे. त्या पुढं झाल्या आणि वॉर्डातल्या आवाजात म्हणाल्या, “सगळे आत जा. दार लावून घ्या. माणसांच्या गर्दीत कोणी जेवत नसतं.”

मंडळी मुकाट्यानं आत गेली. दार लागलं. परचुऱ्यांची पाठ दिसेनाशी झाली आणि सहाच्या सहा कावळे पानावर उतरले. पहिल्यानं वडा उचलला. दाराच्या काचेमागं ललिताताई पदर डोळ्यांना लावून उभ्या होत्या, आणि गुरुजी जिना उतरायला लागलेही होते.

रविवारी परचुऱ्यांनी स्वतःच ठराव मागं घेतला. कारण म्हणून त्यांनी आईचा घास आणि सोडलेलं पाणी, सगळं सांगितलं. नऊ घरं गहिवरली. कांताबाई मागच्या खुर्चीवर बसून होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्या या लोकांशी जिंकल्या होत्या, आणि घरी जाऊन त्यांनी एकटीसाठी शिरा केला.

तो शिरा दसऱ्यापर्यंत गोड राहिला. दसऱ्याला त्या पाणी घालायला वर गेल्या, तर टाकीच्या भिंतीवर पाटी होती. पांढऱ्यावर निळी, ठसठशीत अक्षरं. ‘कै. गोदाबाई परचुरे स्मृती बाग. झाडांना हात लावू नये. आदेशावरून.’

कांताबाई झारी टाकून तडक दुसऱ्या मजल्यावर गेल्या. काय बोलायचं ते जिन्यातच ठरलं होतं. तुमची सासू कुठंही अडकली नव्हती, कावळे तुमच्या नवऱ्याच्या थोबाडावर डूख धरून होते, तो आत गेला म्हणून आले, बस. त्यांनी बेल दाबली. ललिताताईंनी दार उघडलं आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाल्या, “या ना, आत या.”

वाक्य कांताबाईंच्या जिभेवर होतं. ते बाहेर पडलं की ते पाणी खोटं ठरणार होतं, आणि पुढच्या रविवारी क्रेट खाली. त्या उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या. कधी तरी दुधी ठेवला होता, बरोबर त्याच जागी.

“पाटीचे खिळे गंजतील,” त्या म्हणाल्या. “स्टीलचे मारा.”

आणि वर आल्या. त्या दिवशी त्यांनी झाडांना पाणी घातलं नाही. क्रेटच्या काठावर बसून त्या पाटी बघत राहिल्या. पोती त्यांनी वाहिली, पाला त्यांनी कुजवला, गांडुळं त्यांनी जगवली, आणि माती लागली शेवटी दुसऱ्याच्याच नावावर. दुर्गाबाईच्या लेकीला हे नवीन नव्हतं. पण राग नवीन होता, आणि तो अजून तसाच आहे.

पाटीच्या खालीच त्यांनी दुधीचं बी टोचलं. वेल भिंतीला लागला, पानं अक्षरांवर पसरू लागली, आणि पानं बाजूला करायला परचुरे आठवड्याला एकदा हेल्मेट घालून वर येऊ लागले. कावळे त्यांची वाटच बघत असतात. कांताबाई त्या दिवशी मुद्दाम खुर्ची बाहेर काढतात.

मार्गशीर्षात पहिला दुधी धरला. गुरुवारी सकाळी ललिताताई चांदीचं ताम्हन घेऊन वर आल्या. “मेश्रामबाई, सासूबाईंच्या बागेतला पहिला दुधी नैवेद्याला द्याल का?”

कांताबाईंनी विळीनं देठ कापला आणि दुधी त्यांच्या हातात दिला. “घ्या. नको झाला तर खालच्या डब्यात टाकू नका. वर आणून द्या, मला खताला लागतो.”

ललिताताईंचा चेहरा उतरला. तो दुधी तेव्हा डब्यापर्यंत कोणी नेला होता, हे त्या दोघींनाही ठाऊक होतं. दुधी ताम्हनात ठेवत त्या म्हणाल्या, “तेव्हा सासूबाईंनी सांगितलं होतं हो.”

“आताही त्यांच्याच नावानं मागताय,” कांताबाई म्हणाल्या आणि झारी भरायला नळाकडे गेल्या.